रविवारचा पाऊस

मी भूगोलाची शिक्षिका आहे. नगर शहरात, सावेडीतल्या एका शाळेत गेली बावीस वर्षं आठवी ते दहावीला शिकवते. स्वभाव तापट. विद्यार्थ्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळतं, घरच्यांनी तर कधीच हात टेकलेत. नकाशात उत्तर दिशेचा बाण काढला नाही की माझं डोकं फिरतं. प्रमाण लिहिलं नाही की वही परत. आणि एखाद्याने मनाचं काही लिहून आणलं, तर मग विचारूच नका. 'भूगोल डोळ्यांनी बघायचा असतो, मनाने रचायचा नसतो,' हे माझं ठरलेलं वाक्य. इतक्या वेळा म्हटलंय, की मी 'भूगोल' म्हणाले की मागच्या बाकावरून उरलेलं ऐकू येतं. आता ते वाक्य आठवलं तरी कानशिलं तापतात.

शाळा बंद होत्या आणि आम्ही सगळे मोबाईलवरून शिकवत होतो, त्या दिवसांत मी एक दोन पानी पत्रक सुरू केलं. नाव साधंच, 'भूगोल वार्ता'. आठवड्यात जगात काय घडलं ते माध्यमिकच्या मुलांना समजेल अशा भाषेत लिहायचं. कुठे भूकंप झाला, त्याचे अक्षांश-रेखांश काय. वादळ कुठून निघालं आणि कुठे वळलं. भंडारदरा धरण किती भरलं, मुळा किती, आमच्या शाळेत रोज किती पाऊस पडला. खाली भरायला एक कोरा नकाशा, पाच प्रश्न, आणि फुकट बघता येतील अशा उपग्रह चित्रांचे पत्ते. शनिवारी संध्याकाळी तयार करायचं, रविवारी सकाळी जिल्ह्यातल्या भूगोल शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचं. पुढे शाळा उघडल्या तरी पत्रक चालूच राहिलं, कारण लोक मागायला लागले. कुणी त्याची प्रत काढून फलकावर लावत, आणि बऱ्याच शाळांमध्ये सोमवारच्या परिपाठात, प्रार्थना झाली की, ते मोठ्याने वाचलं जाई. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मी पत्रकाच्या माथ्यावरचं नाव त्याच आठवड्यात बदललं. तोंडातलं नगर मात्र अजून जात नाही.

मला या पत्रकाचा गर्व होता. साधासुधा नाही, चांगला ताठ मानेचा. बैठकीला गेले की कोपरगावकडची नाहीतर पाथर्डीकडची शिक्षिका ओळख नसताना हात धरायची, 'तुम्हीच ना त्या वार्तावाल्या मॅडम?' मी 'अहो, कसलं काय' म्हणायची आणि दिवसभर फुलून फिरायची.

त्यातच एका पावसाळ्यात मला नवीन सदर सुचलं, 'आमच्या गावचा पाऊस'. प्रत्येक शाळेतल्या एका विद्यार्थ्याने जूनपासून रोज सकाळी पाऊस मोजायचा, नोंद ठेवायची, आणि महिनाअखेर तक्ता मला पाठवायचा. दिवाळीनंतर आम्ही भूगोल शिक्षक मिळून जिल्ह्याचं एक प्रदर्शन भरवणार होतो. निवडक नोंदवह्या त्यात मांडायच्या आणि मोजणाऱ्या मुलांनी स्वतः येऊन माहिती द्यायची, उत्तम वहीला ढाल द्यायची, असं ठरलं. निवड माझ्याकडे होती. मीच मागून घेतली होती म्हटलं तरी चालेल.

सगळ्या शाळांत पर्जन्यमापक कुठून असणार? म्हणून पत्रकात कृती दिली. अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली घ्या. वरचा भाग कापा, उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाशी खडे टाका, शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरा, आणि बाहेरून दहा सेंटीमीटरची कागदी पट्टी चिकटवा. त्यावर पारदर्शक टेप. बाटली उघड्यावर, झाडापासून लांब, विटांच्या आधाराने उभी करा. तक्त्यात चार रकाने: तारीख, वेळ, पाऊस, शेरा. शेऱ्याच्या रकान्याचा मी फार आग्रह धरला होता. बाटली कलंडली, शेळीने तोंड घातलं, कुणी पाणी ओतलं, काय असेल ते प्रामाणिकपणे शेऱ्यात लिहा, असं ठळक अक्षरांत छापलं होतं.

दहा सेंटीमीटर म्हणजे शंभर मिलिमीटर. एका दिवसात तेवढा पाऊस आमच्या सावेडीत पडला तर लोक वर्षभर त्याचीच गोष्ट सांगतील. आमच्याकडे ढग येतात, दिवसभर बसतात आणि पुढे निघून जातात. त्यामुळे एवढीशी बाटली पुरणार नाही, अशी शंकाही मला आली नाही. नगर जिल्ह्याचा पश्चिम भाग डोंगराळ व अतिपावसाचा आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण बाटली कापताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझी गच्ची होती.

आता आमच्या शाळेच्या नोंदवहीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सगळं अर्धवट राहील. आमच्याकडे खरा, पितळी पर्जन्यमापक आहे. जुना, जाड, मैदानाच्या कोपऱ्यात. त्याची नोंदवही मी शाळेत लागले तेव्हापासून माझ्याकडे. रोज साडेआठला नोंद. पण रविवारी शाळा बंद. गौरी-गणपतीला बंद, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून घरी. मग सोमवारी जे पाणी साठलेलं असेल ते आम्ही दोन दिवसांत वाटून टाकायचो. थोडं रविवारला, थोडं सोमवारला, दिसायला बरं दिसेल असं. हे मला माझ्या आधीच्या शिक्षकांनी वही हातात देताना शिकवलं होतं, आणि मी ते परंपरेने चालवलं. पुढे पुढे तर मी शनिवारीही जायची नाही. घराच्या गॅलरीतून अंगण बघायची आणि म्हणायची, चार मिलिमीटर. हात इतका बसला होता की चारच्या पुढे एक टिंब देऊन दोनही लिहायची. चार पूर्णांक दोन. त्या टिंबामुळे आकडा खरा वाटतो. वहीत एकही दिवस कोरा नाही. मुख्याध्यापिका बाहेरच्या पाहुण्यांना ती वही काढून दाखवत.

हे चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. खोटं म्हणजे पोरांनी घरी बसून केलेलं. आमचं ते समायोजन.

जुलैअखेर तक्ते आले. डझनभर शाळांचे. मी ते मोबाईलवर एका मागोमाग एक बघत होते. एक तक्ता अकोले तालुक्यातल्या, भंडारद्याच्याही पलीकडच्या एका डोंगरी गावातून आला होता. नववीतली मुलगी, तिच्या सरांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. अक्षर टपोरं, रेघा पट्टीने मारलेल्या. आकडे बघून मात्र मी उठूनच बसले. सलग चार दिवस शंभर. मग एक दिवस ब्याण्णव. मग पुन्हा तीन दिवस शंभर.

मला इतका राग आला. वाटलं, एवढी मेहनत घेऊन आपण कृती देतो आणि ही पोरं चुलीपुढे बसून गोल आकडे भरतात. फोटो मोठा करून बघायचीही मी तसदी घेतली नाही. शेऱ्याच्या रकान्यात बारीक काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. मला वाटलं, नेहमीचं असेल, 'पाऊस पडला'.

त्या आठवड्याच्या पत्रकात चौकटीत लिहिलं: 'अकोले तालुक्यातील एका शाळेकडून सलग चार दिवसांचा पाऊस एकसारखा आला आहे. निसर्ग असे आकडे देत नाही. ज्यांना रोज बाहेर जाऊन मोजायचा कंटाळा आहे त्यांनी घरी बसून आकडे लिहिण्याचे कष्टही घेऊ नयेत. अशा नोंदी प्रदर्शनासाठी विचारात घेतल्या जाणार नाहीत.' लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. 'कष्टही' हा शब्द मला फार आवडला होता.

सोमवारी दुपारी तिच्या सरांचा फोन आला. आवाज शांत, जरा दबलेला.

'मॅडम, आमच्या शाळेत वार्ता परिपाठात वाचतो आम्ही.'

'हो, बऱ्याच शाळांत वाचतात,' मी म्हणाले. मला अजून कौतुकच ऐकायचं होतं.

'आमच्याकडं ती मुलगीच वाचती. पाऊस मोजणारी. आज बी तीच वाचत होती. चौकट आली तसं तिनं अर्धी वाचली, मग थांबली. खाली बसली. पुढचं दुसऱ्या पोरीनं वाचलं.'

   मी लगेच म्हणाले, 'सर, तिला वाईट वाटलं असेल, पण मुलांना खोटं लिहायची सवय लागता कामा नये. सलग चार दिवस शंभर? तुम्हीच सांगा.'

'मॅडम, आमच्याकडचा पाऊस तुम्ही बघितला नसंल. एकदा पावसात या.'

'बघू,' मी म्हणाले.

ते आणखी एक बोलले. ही मुलगी अभ्यासात बरी, पण दहावीनंतर तिला बाहेर ठेवायला घरचे राजी नव्हते. नगरच्या प्रदर्शनात चार लोकांसमोर उभी राहून बोलली, आईने ते डोळ्यांनी बघितलं, तर अकरावीला पाठवतील, असं सरांच्या मनात होतं. 'त्येवढं बघा, मॅडम,' एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की हल्ली शिक्षकच मुलांच्या खोटेपणाची वकिली करतात.

ऑगस्टअखेर माझं अकोले तालुक्याच्या गावी एका प्रशिक्षणात व्याख्यान ठरलं. विषय, नवल करावं तसा, 'निरीक्षण आणि नोंद'. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोकळी होते. त्या मुलीचे सर प्रशिक्षणाला आलेच होते. सकाळी म्हणाले, 'मॅडम, जीप जाती आमच्याकडं. चला. दोनपर्यंत परत सोडतो.' नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून गेले.

राजूर सोडलं आणि पाऊस सुरू झाला. सुरू झाला म्हणणं चूक आहे, तो तिथे होताच, आम्ही त्यात शिरलो. जीपचा वायपर हलत होता पण त्याचा काही उपयोग नव्हता. भाताची खाचरं काठोकाठ, रस्त्यावरून पाणी आडवं वाहत होतं. ड्रायव्हर निवांत, एका हाताने काच पुसत गाणं गुणगुणत होता. मी सरांना विचारलं, 'आज जास्त आहे का?'

'न्हाई ओ मॅडम,' ड्रायव्हरच म्हणाला. 'आज उघडीप हाय.'

शाळा म्हणजे चार खोल्या आणि लांब ओसरी. ओसरीपुढच्या मोकळ्या जागेत चार विटांमध्ये माझी बाटली उभी होती. माझीच, माझ्या कृतीची, कागदी पट्टी, वर टेप. काठोकाठ भरलेली होती आणि नरसाळ्याच्या कडेने पाणी बाहेर सांडत होतं. साडेदहा वाजले होते. शाळेच्या शिपाई मावशी ओसरीत उभ्या होत्या. त्यांना मी विचारलं, बाटली कधी रिकामी केली होती?

'काल ह्याच वक्ताला पोरीनं ओतली की. ती सांजपत्तुरच भरती, बाई. लई बारकी हाय बाटली.'

मी तिथेच खांबाला धरून मोबाईल काढला. जुलैचा तो फोटो शोधला आणि पहिल्यांदा मोठा केला. शेऱ्याच्या रकान्यात, शंभर लिहिलेल्या प्रत्येक दिवसापुढे, पट्टीने आखल्यासारख्या सरळ ओळीत लिहिलं होतं: 'बाटली भरली. वरून वाहत होती. पाऊस यापेक्षा जास्त.' सात दिवस, सात वेळा तेच. मी मागितलं होतं ते सगळं तिने दिलं होतं. माझी मान खाली गेली ती मावशींनी चहा आणून दिला तरी वर येईना. कपबशी हातात धरून नुसती उभी राहिले. सर बाजूला उभे होते. 'मी म्हणालो होतो' असं ते एका शब्दानेही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी मुलीला वर्गातून बोलावलं. बारीक, उंच, केसांना तेल, दप्तर पाठीवर घेऊनच आली. मी कोण ते सरांनी सांगितलं. तिने मान डोलावली आणि काही न विचारता दप्तरातून वही काढून माझ्यापुढे धरली. वहीला प्लॅस्टिकच्या पिशवीचं कव्हर होतं.

मी ऑगस्टचं पान उघडलं. आता शंभर कुठेच नव्हतं. बेचाळीस पूर्णांक तीन. छत्तीस पूर्णांक आठ. एकावन्न पूर्णांक एक. एकही आकडा दुसऱ्यासारखा नाही. शेऱ्याचा रकाना रिकामा. माझ्या त्या बाटलीवर मिलिमीटरच्याही खुणा धड दिसत नाहीत, टिंबानंतरचा आकडा त्यावर वाचताच येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. आणि असे आकडे कसे तयार होतात, तेही मला चांगलं माहीत होतं. ते मीच लिहिल्यासारखे होते.

'आता बरोबर हाय ना, बाई?' तिने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ओसरीतल्या सतरंजीवर बसले, तिलाही बसवलं. म्हणाले, 'हे तू कसे लिहिलेस?'

तिने सरांकडे बघितलं, मग खाली. 'तुमच्या शाळेचं वार्तात येतं ना, त्ये बघून. त्यात रोज येगळं असतं. आमचं रोज सारखंच यायचं, मंग सगळी म्हनायची खोटं हाय.'

मग मी तिला सांगितलं. चूक तिची नव्हती, बाटलीची होती, म्हणजे माझी. बाटली छोटी होती आणि मी शेरा वाचला नव्हता. जुलैमधलं तुझं सगळं खरं होतं.  ती ऐकत होती. चेहरा जरासा मोकळा झाला. मग तिने विचारलं, 'मंग त्या दिवशी खरा किती हुता पाऊस?'

'ते आता नाही सांगता येणार.'

'कुनालाच?'

'कुणालाच. मोजला नाही ना. ऑगस्टचाही गेला.'

तिने वही पुढे ओढली. मला वाटलं रडेल. तिने कंपासपेटीतली पट्टी काढली, ऑगस्टच्या आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली, आणि शेऱ्यात लिहायला लागली: 'अंदाजे. मोजले नाही.' एकेका दिवसापुढे. मी थांबवलं नाही. काय म्हणून थांबवणार होते?

लिहिता लिहिता म्हणाली, 'बाई, तुमच्या शाळेत रविवारी कोन मोजतं?'

खोटं बोलायला सोपं होतं. वॉचमन म्हणता आलं असतं. पण त्या ओसरीत ते तोंडातून निघेना. 'कुणी नाही,' मी म्हणाले. 'रविवारचा पाऊस आम्ही सोमवारी वाटून टाकतो. कधी कधी शनिवारचाही मनानेच लिहितो.'

'म्हंजे तुमचं बी अंदाजेच.'

'हो.'

'मंग तुमी बी खोडा.'

'खोडते,' मी म्हणाले. सरांसमोर म्हणाले, अगदी मनापासून.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी ठरवून टाकलं होतं, की सगळं लिहायचं. रविवारच्या पत्रकात मी मोठी चौकट दिली. बाटलीच्या कृतीत चूक होती, डोंगराकडच्या शाळांनी दोन लिटरची बाटली घ्यावी, दिवसातून दोनदा मोजावं आणि बेरीज करावी. त्या शाळेच्या नोंदी खऱ्या होत्या, मी शेरा न वाचता आरोप केला, त्या विद्यार्थिनीची माफी मागते, तिची वही प्रदर्शनात असेल. एवढं लिहिलं आणि थांबले. आमच्या वहीचं लिहायला बोट पुढे सरकेना. स्वतःची समजूत घातली, की एकदम दोन गोष्टी लिहिल्या तर गोंधळ होईल, पुढच्या आठवड्यात लिहू.

ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. 'चूक मान्य करायला मोठं मन लागतं, मॅडम.' 'हीच खरी शिक्षिका.' मी ते सगळं वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं, आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त घाण वाटते. पुढच्या आठवड्यात चक्रीवादळ आलं, त्यालाच जागा लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यात घटक चाचणी. मग आमच्या शाळेतल्या दोन मुलींनी प्रदर्शनासाठी आमची वही सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला घेतली, रंगीत आलेख काढले, आणि मी मनाशी म्हणाले, आता यांच्या मेहनतीवर कुठे पाणी फिरवू.

प्रदर्शन दिवाळीनंतर सावेडीतच एका शाळेच्या सभागृहात भरलं. ती मुलगी सकाळी दहालाच आली, सर आणि आई बरोबर. पहाटेची पहिली गाडी धरून निघाले होते. आई नव्या लुगड्यात, पदर घट्ट धरून, मुलीच्या टेबलामागे भिंतीला टेकून उभी राहिली ती दुपारपर्यंत हलली नाही. मुलीने टेबलावर वही, दोन लिटरची बाटली आणि माझी ती जुनी अर्ध्या लिटरची बाटलीही शेजारी शेजारी मांडली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत होती. आवाज आधी बारीक होता, मग सुटला. मी लांबून बघत होते आणि माझा ऊर भरून येत होता. गळ्यात संयोजकाची चिठ्ठी अडकवून मी फिरत होते.

परीक्षक बाहेरून बोलावलेले होते, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. नेमके माझ्याबरोबरच ते तिच्या टेबलाशी आले. वही चाळली. सप्टेंबरचं पान छान होतं, दोनदा मोजून बेरीज केलेलं. मग ते मागे गेले आणि ऑगस्टच्या पानावर थांबले.

'ही एवढी खाडाखोड कशाची?'

'ते मोजलेले नव्हते, सर. अंदाजाने लिहिले होते,' ती शाळेतल्या भाषेत, पाठ केल्यासारखं म्हणाली.

'अंदाजाने? का बरं?'

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. सर, हे माझ्यामुळे झालं. ती वाट बघत होती, तिचे सर वाट बघत होते, आणि मी परीक्षकांच्या हातातल्या वहीच्या प्लॅस्टिकच्या कव्हराकडे बघत राहिले.

'माझी चूक झाली, सर,' ती म्हणाली.

'प्रामाणिकपणे सांगितलंस ते बरं. पण नोंदवहीत अख्खा महिना वाया गेला की बाळ. हे पुढच्या वर्षी टाळायचं.' आणि ते पुढच्या टेबलाकडे सरकले. पुढचं टेबल आमचं होतं. त्यांनी आमची वही उचलली, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पानं उलटली, आणि खूश झाले. मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'ही बघा नोंदवही. एक दिवस कोरा नाही, एक रेघ खोडलेली नाही. रविवारसुद्धा!'

मी म्हणाले, 'थँक्यू, सर.'

निकालात आमची शाळा पहिली आली. ती मुलगी, तिची आई आणि सर सामान आवरत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलाशी गेले. मुलगी बाटल्या पिशवीत भरत होती, तिने मान वर केली नाही. तिची आई माझ्याजवळ आली.

'बाई, पोरीचं काय चुकलं वो?'

'काही नाही चुकलं तिचं,' मी म्हणाले. 'खरंच काही नाही.'

'मंग त्या सायबास्नी सांगा की तेवढं. हायेत की ते हितंच.'

ते होतेच. दाराशी उभे राहून चहा पीत होते, वीस पावलांवर. मी म्हणाले, 'सांगते.' आणि निघाले. तेवढ्यात मंचावरून आमच्या मुख्याध्यापिकांनी हाक मारली, ढाल घेऊन फोटो काढायचा होता, सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. मी प्राध्यापकांकडे जाता जाता वळून मंचाकडे गेले. आमच्या शाळेच्या दोन मुलींच्या मधोमध मला उभं केलं. फोटोवाला म्हणाला, मॅडम, जरा हसा, आणि मी हसले.